नर्सबाईचं गणित

मागच्या पाठात आपण बाजाराचा हिशेब कागदावर मांडायला शिकलो. या पाठात दवाखान्याचा हिशेब शिकू. हा पाठ आयांसाठी आहे, बापांसाठी आहे, सासवांसाठीही आहे. घरातली लेक किंवा सून नर्स व्हायचं म्हणत असेल, तर तिचा सराव आपण कसा घ्यावा, ते यात सांगितलं आहे.

१. बारावी झाली, पुढं काय?

वाटूर हे गाव जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात आहे. वाटूर फाट्यावरून एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याला आणि एक परतूरला. या रस्त्यांनी गावोगावच्या मुली शाळा-कॉलेजला जातात. बारावी पास होतात. मग घरात एकच प्रश्न निघतो. पुढं काय?

कोणी म्हणतं, लग्न उरकून टाका. कोणी म्हणतं, शिकू द्या. मुलगी हळूच म्हणते, "मला नर्स व्हायचंय."

नर्स होण्याच्या वाटा कोणत्या, ते आधी समजून घेऊ.

पहिली वाट एएनएम. आपल्या उपकेंद्रात जी नर्सबाई असते, बाळांना लस देते, गरोदर बाईची तपासणी करते, ती बहुधा हे शिक्षण घेतलेली असते. हे शिक्षण २ वर्षांचं असतं. ते फक्त मुलींसाठी असतं.

दुसरी वाट जीएनएम. हे शिक्षण ३ वर्षांचं असतं. मोठ्या दवाखान्यात काम करणाऱ्या पुष्कळ नर्स हे शिकलेल्या असतात. हे शिक्षण मुलगेही घेऊ शकतात.

तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंग. हे शिक्षण ४ वर्षांचं. याला बारावीला विज्ञान शाखा लागते.

प्रवेश कसा मिळतो, याचे नियम वर्षावर्षाला बदलतात. कधी बारावीचे गुण पाहतात, कधी प्रवेश परीक्षा घेतात. म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक मिळवावं. ते घरात सगळ्यांनी मिळून वाचावं. आता आपल्याला वाचता येतं. मग दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघायचं? आणि पैसे भरण्याआधी एक गोष्ट नक्की विचारावी. या शाळेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? मान्यता नसेल, तर शिकून झाल्यावर नावाची नोंदणी होत नाही. पैसे जातात आणि वर्षंही जातात.

२. गणिताची भीती

नर्स व्हायचं म्हणणाऱ्या पुष्कळ मुली एका गोष्टीला भितात. ती गोष्ट म्हणजे गणित. "सायन्स वाचीन, इंग्रजी पाठ करीन, पण गणित नको," असं म्हणतात. काही मुली तर या भीतीपायी अर्जच भरत नाहीत.

आम्ही सांगतो, भिण्याचं कारण नाही. नर्सच्या कामाला जे गणित लागतं, ते पाचवी ते आठवीचं आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. अपूर्णांक आणि दशांश. शेकडेवारी. आणि त्रैराशिक. बस्स, एवढंच.

त्रैराशिक हा शब्द मोठा वाटतो. पण काम रोजचं आहे. ३ किलो कांद्याचे ६० रुपये होतात. तर ५ किलोचे किती? आपण मनात म्हणतो, एका किलोचे २०, तर पाच किलोचे १००. हेच त्रैराशिक. बाजारात उभ्या उभ्या आपण ते करतो.

आपल्या आजोबा-पणजोबांना तर याहून पुष्कळ येत होतं. त्या काळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे म्हणून घेत. पावकी म्हणजे पावचा पाढा. दिडकी म्हणजे दीडचा पाढा. अडीचकी म्हणजे अडीचचा पाढा. बारा अडीच किती, असं विचारलं की म्हातारा माणूस पटकन सांगे, तीस.

आता बघा, हेच दवाखान्यात कसं लागतं. बाळाला एका वेळी अडीच मिलिलिटर औषध द्यायचं आहे. दिवसातून ३ वेळा, ४ दिवस. एकूण वेळा किती? तीन चोक बारा. बारा अडीच तीस. म्हणजे ३० मिलिलिटरची एक बाटली पुरते. अडीचकी येणाऱ्या आजोबांनी हे उदाहरण तोंडी सोडवलं असतं.

म्हणून घरात कोणी म्हाताऱ्या माणसाला हे पाढे येत असतील, तर मुलीला त्यांच्याजवळ बसवावं. ही विद्या फुकट आहे.

३. एक टिंब, दहा पट

मग अवघड काय आहे? अवघड आहे ते लक्ष ठेवणं. बाजारात हिशेब चुकला, तर दहा रुपये जातात. दवाखान्यात चुकला, तर माणूस जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते दशांशाचं टिंब.

टिंब समजायला पैसा चांगला. पूर्वी रुपयाचे १६ आणे असत. १९५७ साली १ एप्रिलला नवे पैसे सुरू झाले आणि रुपयाचे १०० पैसे झाले. म्हणजे ५० पैसे लिहायचे, तर ०.५० रुपये असं लिहितात. २५ पैसे म्हणजे ०.२५ रुपये. टिंबाच्या डावीकडे पुरे रुपये, उजवीकडे रुपयाचा तुकडा.

औषधाचंही तसंच आहे. वजनाची मापं अशी आहेत:

१ किलोग्रॅम = १००० ग्रॅम
१ ग्रॅम = १००० मिलिग्रॅम
१ लिटर = १००० मिलिलिटर

ग्रॅमचे मिलिग्रॅम करायचे असतील, तर हजाराने गुणावं. टिंब तीन घरं उजवीकडे जातं. ०.५ ग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅम. मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे असतील, तर हजाराने भागावं. टिंब तीन घरं डावीकडे येतं. २५० मिलिग्रॅम म्हणजे ०.२५ ग्रॅम.

आता नीट लक्ष द्या. डॉक्टरांनी अर्धा मिलिग्रॅम औषध लिहिलं. कोणी ते नुसतं ".५" असं लिहिलं. टिंब पुसट झालं. पुढच्या माणसानं वाचलं "५". अर्ध्याचे झाले पाच. दहा पट औषध गेलं!

म्हणून दवाखान्यात दोन नियम पाळतात. मुलीला हे दोन्ही नियम आजच शिकवा.

पहिला नियम. टिंबाच्या आधी काही नसेल, तर शून्य लिहावं. ".५" लिहू नये, "०.५" लिहावं.

दुसरा नियम. पुरा आकडा असेल, तर त्याच्यापुढे टिंब आणि शून्य लिहू नये. "५.०" लिहू नये, नुसतं "५" लिहावं. नाहीतर टिंब न दिसल्यानं कोणी त्याचे ५० वाचील.

४. माय-लेकीचं गणित

समजा, वाटुरातल्या एका घरात संध्याकाळची वेळ आहे. लेक वही घेऊन बसली आहे. आई साक्षरतेच्या वर्गात जाऊन नुकतीच लिहा-वाचायला शिकली आहे.

"काय करायलीस गं?" आई विचारते.

"गणित करायले, माय. पण जमंना गेलंय."

"काय हाय त्यात? वाचून दाखव बरं."

लेक वाचते. "५ मिलिलिटर पातळ औषधात १२५ मिलिग्रॅम गुण आहे. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम लिहून दिलं. तर किती मिलिलिटर द्यावं?"

आई म्हणते, "मिलिग्रॅम-बिलिग्रॅम मला न्हाई कळत. पर असं बघ. एका क्रेटात १२५ मोसंब्या बसत्यात. व्यापाऱ्याला २५० मोसंब्या पाहिजेत. किती क्रेट द्यावे लागतील?"

"दोन."

"मंग एक क्रेट म्हणजे तुझं ते पाच मिलिलिटर. दोन क्रेट म्हणजे किती?"

"दहा मिलिलिटर!" लेक हसते. "माय, तुला तर माझ्याआधीच आलं की!"

"मला न्हाई आलं. मोसंबीचं आलं. तुझं तूच केलंस."

हे उदाहरण सोडवायची रीत कागदावर अशी लिहावी. तीन प्रश्न विचारावे.

किती मागितलं? २५० मिलिग्रॅम.
किती जवळ आहे? १२५ मिलिग्रॅम.
ते कशात आहे? ५ मिलिलिटरमध्ये.

मग मागितलेल्याला जवळच्याने भागावं. २५० ÷ १२५ = २. त्याला मापाने गुणावं. २ × ५ = १०. उत्तर १० मिलिलिटर.

गोळीचंही असंच. डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅम लिहिलं. गोळी २५० मिलिग्रॅमची आहे. ५०० ÷ २५० = २. म्हणून २ गोळ्या.

उत्तर आलं की लगेच पुढं जाऊ नये. ताळा पाहावा. उलटं करून बघावं. २ गोळ्या, दर गोळी २५०. दोनदा अडीचशे, पाचशे. ताळा जुळला.

आणि अंदाजही घ्यावा. गणितात उत्तर २० गोळ्या आलं, तर थांबावं. एका वेळी माणूस २० गोळ्या खातो का? नाही. मग टिंब कुठंतरी सरकलं आहे. पुन्हा पाहावं. जी नर्स असं थांबते, तीच चांगली नर्स.

५. सलाइनचे थेंब

दवाखान्यात सलाइन लावलेली आपण पाहिली आहे. बाटलीतून थेंब थेंब पडतो. तो थेंब किती वेगानं पडावा, हे नर्स ठरवून घेते. फार वेगानं गेलं, तर छातीवर भार येतो. फार हळू गेलं, तर पाणी वेळेवर पोचत नाही.

सलाइनच्या नळीच्या पाकिटावर एक आकडा छापलेला असतो. किती थेंबांचा एक मिलिलिटर होतो, ते त्यावर असतं. कुठं १५ थेंब, कुठं २०, बाळांच्या नळीला ६०. तो आकडा आधी वाचावा.

आता उदाहरण बघू. ५०० मिलिलिटर सलाइन ५ तासांत द्यायची आहे. नळी १५ थेंबांची आहे. मिनिटाला किती थेंब?

पायरी पहिली. एका तासात किती? ५०० ÷ ५ = १०० मिलिलिटर.
पायरी दुसरी. त्याचे थेंब किती? १०० × १५ = १५०० थेंब.
पायरी तिसरी. तासाची मिनिटं ६०. १५०० ÷ ६० = २५.

उत्तर, मिनिटाला २५ थेंब.

शेतात ठिबक बसवलेला शेतकरी हेच करतो. एका झाडाला तासाला किती लिटर पडतं, किती तास चालवायचं, किती पाणी होईल, याचा हिशेब तो मांडतो. रीत एकच. झाडाच्या जागी माणूस आहे, एवढाच फरक.

६. शेकडा आणि वाटे

शेकडा म्हणजे शंभरात किती. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के मीठ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. मग ५०० मिलिलिटरच्या बाटलीत किती? पाचशे म्हणजे पाच शंभर. ०.९ × ५ = ४.५. म्हणजे साडेचार ग्रॅम.

वाट्यांचं गणित घरात करून बघता येतं. जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी देतात. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आता अर्धा लिटर पाणी करायचं आहे. साखर किती? सहाचे अर्धे, ३ चमचे. मीठ किती? अर्ध्याचा अर्धा, म्हणजे पाव चमचा. इथं मुली चुकतात. साखर निम्मी करतात आणि मीठ तेवढंच ठेवतात. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. सगळे वाटे निम्मे केले पाहिजेत.

मात्र दवाखान्यातून मिळणारी ओआरएसची पुडी फोडून तिचे वाटे करू नयेत. १ लिटरची पुडी असेल, तर ती १ लिटर पाण्यातच घालावी.

या पाण्याची गोष्ट मोठी आहे. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासित आले. बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी मापानं तयार करून पिंपातून लोकांना पाजलं. छावणीत आधी शंभर रुग्णांत तीसच्या आसपास माणसं मरत. पाणी देऊ लागल्यावर शंभरात चारपेक्षा कमी मेली. साखर, मीठ आणि पाणी या साध्याच गोष्टी. पण माप बरोबर होतं, म्हणून माणसं वाचली.

७. मोजणीनं वाचलेली बाळं

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिथं न्युमोनियानं लहान बाळं दगावत. बाळाचा श्वास जोरात चालू लागला, की न्युमोनियाचा संशय घ्यावा लागतो. पण गावच्या दायांना मोजणी दहा-बाराच्या पुढं येत नव्हती. साठपर्यंत कोण मोजणार?

तेव्हा त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधन तयार केलं. जवळ एका मिनिटाची वाळूची घडी ठेवली. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. शेवटचा मणी तांबडा. मिनिट संपायच्या आत तांबड्या मण्यावर पोचलं, तर श्वास जोरात आहे, असं समजायचं. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बायकांनी अशी साठपर्यंत मोजणी केली.

पुढं त्याच भागातल्या ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावच्याच बायकांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. वजन केलं, ताप पाहिला, श्वास मोजला. आधी, १९९३ ते १९९५ या काळात, हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात. १९९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. वजाबाकी करा. ६२ - २५ = ३७. दर हजारी ३७ बाळं वाचली. ही वजाबाकी नुसती वहीतली नाही.

श्वासाचे आकडे पाठ करण्यासारखे आहेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन ते बारा महिन्यांचं बाळ ५० किंवा जास्त घेत असेल, एक ते पाच वर्षांचं मूल ४० किंवा जास्त घेत असेल, तर तो जोरात चाललेला श्वास. ताबडतोब दवाखाना गाठावा. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये. बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, म्हणून त्यात चूक होते.

परदेशातलंही एक नाव सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही इंग्लंडची परिचारिका. १८५४ साली ती लढाईतल्या जखमी शिपायांची सेवा करायला गेली. तिनं मेलेल्यांची नोंद मांडली. तेव्हा दिसलं, की जखमांनी जितके शिपाई मेले, त्याहून पुष्कळ जास्त रोगराईनं मेले. हे आकडे तिनं सरकारपुढं ठेवले आणि लष्करी दवाखाने सुधारायला लावले. १८६० साली तिनं लंडनला परिचारिकांची शाळा काढली. तिचा जन्मदिवस १२ मे हा आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. तिला दिव्यावाली बाई म्हणतात. पण तिच्या एका हातात दिवा होता, तशी दुसऱ्या हातात आकड्यांची वही होती.

८. ताप आणि तारीख

ताप मोजायची दोन मापं आहेत. फॅरनहाइट आणि सेल्सिअस. अंगाचं बरं तापमान फॅरनहाइटमध्ये ९८.६ आणि सेल्सिअसमध्ये ३७ असतं. एकातून दुसरं काढायची रीत अशी. फॅरनहाइटमधून ३२ वजा करावे. ९ ने भागावं. ५ ने गुणावं.

१०४ ताप आहे. १०४ - ३२ = ७२. ७२ ÷ ९ = ८. ८ × ५ = ४०. म्हणजे ४० सेल्सिअस.

आता तारीख. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणायची रीत आहे. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस धरतात. पाळी १० जूनला आली होती. नऊ महिने पुढं गेलं, की १० मार्च. त्यात सात दिवस मिळवले, की १७ मार्च. ही बाळंतपणाची अंदाजाची तारीख. मूल थोडं आधी येतं, थोडं नंतर येतं. पण तारीख माहीत असली, की गाडीची, पैशाची, सोबतीची तयारी आधी होते.

९. घरी सराव कसा घ्यावा

गणित ऐकून येत नाही. केल्यानं येतं. पोहणं विहिरीच्या काठावर बसून येत नाही, तसंच हे.

रोज अर्धा तास ठरवावा. रोजची वेळ एकच असावी. त्या अर्ध्या तासात मुलीला पाण्याला, चुलीला, भावंडाला हाक मारू नये. ही आपली जबाबदारी आहे.

पहिला आठवडा पाढे. एक ते वीस. आपण पुस्तक हातात धरावं, तिनं म्हणावं. चुकलं की सांगावं. रागावू नये.

दुसरा आठवडा दशांश आणि मापं. तिसरा आठवडा त्रैराशिक आणि शेकडा. चौथा आठवडा सगळी मिसळ.

चौथ्या आठवड्यात घड्याळ लावावं. दहा उदाहरणं, पंधरा मिनिटं. परीक्षेत वेळ थोडा असतो. एखादं उदाहरण अडलं, तर ते सोडून पुढं जावं आणि शेवटी परत त्याच्याकडे यावं.

एक वेगळी वही करावी. तिला चुकांची वही म्हणावं. जे उदाहरण चुकलं, ते त्यात लिहावं आणि का चुकलं, तेही लिहावं. टिंब चुकलं? पाढा चुकला? प्रश्न नीट वाचला नाही? महिन्यानं वही उघडली, की कळतं, आपली लेक कुठं अडखळते.

आणखी एक गोष्ट. औषधाच्या रिकाम्या बाटलीवरचं लेबल वाचायला द्यावं. बाटलीसोबतच्या मापाच्या झाकणात साधं पाणी भरून ५ मिलिलिटर, १० मिलिलिटर मोजायला लावावं. हाताला माप कळलं, की डोक्याला लवकर कळतं.

इथं एक ताकीद देतो. या पाठातले औषधांचे आकडे सरावासाठी आहेत. त्यावरून कोणी कोणाला औषध देऊ नये. औषध डॉक्टरांनी सांगेल तेवढंच आणि तसंच द्यावं.

१०. स्वाध्याय

आधी स्वतः सोडवा. मग खालची उत्तरं पाहा.

१) गोळी २५० मिलिग्रॅमची आहे. ७५० मिलिग्रॅम द्यायचे आहेत. किती गोळ्या?

२) एका वेळी ५ मिलिलिटर औषध, दिवसातून ३ वेळा, ५ दिवस. एकूण किती? बाटली ६० मिलिलिटरची असेल, तर किती बाटल्या आणाव्या?

३) ०.७५ ग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम?

४) ३०० मिलिलिटर सलाइन ५ तासांत द्यायची आहे. नळी २० थेंबांची आहे. मिनिटाला किती थेंब?

५) ९५ फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस?

६) तीन बाळांची जन्माची वजनं २.४, २.८ आणि ३.२ किलो आहेत. सरासरी किती? अडीच किलोच्या आत कोणतं बाळ आहे?

७) फरशी पुसायच्या औषधाचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग घ्यायचे आहेत. एकूण ५ लिटर मिश्रण हवं आहे. औषध किती, पाणी किती?

८) शेवटची पाळी २५ ऑगस्टला सुरू झाली. बाळंतपणाची अंदाजाची तारीख कोणती?

उत्तरं

१) ३ गोळ्या.
२) ७५ मिलिलिटर. २ बाटल्या. एका बाटलीत १५ मिलिलिटर कमी पडतं.
३) ७५० मिलिग्रॅम.
४) तासाला ६० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटर. म्हणून २० थेंब.
५) ३५ सेल्सिअस. अंग इतकं गार पडणं धोक्याचं असतं.
६) सरासरी २.८ किलो. २.४ किलोचं बाळ अडीचच्या आत आहे. त्याला जास्त जपावं लागतं.
७) एकूण भाग १०. म्हणून औषध अर्धा लिटर, पाणी साडेचार लिटर. इथं ९ ने भागलं असेल, तर चुकलं.
८) नऊ महिन्यांनी २५ मे. त्यात सात दिवस. मे महिन्याचे दिवस ३१. म्हणून १ जून.

११. नवे शब्द

त्रैराशिक - तीन आकडे माहीत असताना चौथा काढायची रीत.
ताळा - उत्तर बरोबर आहे का, हे पाहायची रीत.
दशांश - दहाव्या भागाच्या हिशेबानं लिहिलेला अपूर्णांक.
सरासरी - सगळ्यांची बेरीज करून, जितके आकडे आहेत तितक्यांनी भागून येणारा आकडा.
मान्यता - सरकारनं किंवा परिषदेनं दिलेली परवानगी.
नवजात - नुकतंच जन्मलेलं.

हा पाठ वाचून झाला, की तो मुलीच्या हाती द्या आणि तिच्याजवळ बसा. सगळी उदाहरणं तुम्हाला आलीच पाहिजेत, असं नाही. उत्तरं वाचता आली, घड्याळ पाहता आलं आणि "ताळा पाहिलास का?" एवढं विचारता आलं, तरी पुष्कळ झालं. पुढं ती नर्स झाली, की कोणाच्या तरी बाळाला औषध देण्याआधी तिला हाच प्रश्न आठवला पाहिजे.